बियाण्याची कणगी आणि एका टीमची पडझड



पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

घरात बास्केटबॉलवेडं मूल असेल, तर हे तुम्हाला सांगायला नको. सकाळी फोनवर बातमी येते की लाडक्या टीमने लाडका खेळाडू ‘ट्रेड’ केला, आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. वाढदिवसाला घेतलेली महागडी जर्सी एका रात्रीत जुनी होते. मग प्रश्न येतो, “पण का?” आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे उत्तर नसतं.

कसं असणार? आपण वाढलो क्रिकेटवर. रणजीत गावसकर मुंबईचे म्हणजे मुंबईचेच. पुढे आयपीएलने लिलाव शिकवला. हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातहून मुंबई इंडियन्सकडे परतला आणि त्या मोसमात मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला गेली, हेही आपण पाहिलं. पण आयपीएलमध्ये दर काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी बरीचशी कोरी होते. एनबीएत पाटी अशी कोरी होत नाही. आज केलेल्या सह्यांचं बिल पाच वर्षांनी येतं, आणि ते भरायला सही करणारा माणूस बहुतेक वेळा तिथे नसतो.

म्हणून आज एकाच टीमचा इतिहास सांगायचाय. टीमचं नाव नेट्स. आज ती ब्रुकलिनची आहे, पण १९७७ ते २०१२ अशी पस्तीस वर्षं ती न्यू जर्सीची होती. न्यू जर्सीत आपली मराठी मंडळी किती आहेत ते वेगळं सांगायला नको. तिथल्या जुन्या मंडळींनी मेडोलँड्समध्ये अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसून हिचे सामने पाहिले असतील. टीमची पडझड दिसते कोर्टवर, पण ठरते कागदावर. ती कशी ठरते हे समजायला नेट्सइतकं स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

आधी तीन नियम

पहिला नियम ड्राफ्टचा. दरवर्षी नवे, तरुण खेळाडू लीगमध्ये येतात आणि टीम एकेक करून त्यांना निवडतात. जी टीम जास्त हरली, तिला वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे हरण्याची भरपाई नियमातच आहे. या निवडीच्या हक्काला ‘पिक’ म्हणतात, आणि गंमत अशी की पुढच्या काही वर्षांचे पिक आजच दुसऱ्या टीमला देऊन टाकता येतात.

दुसरा नियम पगाराचा. सगळ्या खेळाडूंच्या पगाराच्या बेरजेवर मर्यादा असते. २०१३-१४ मध्ये ती ५ कोटी ८७ लाख डॉलर होती. काही सवलती वापरून ती ओलांडता येते, पण ७ कोटी १७ लाखांच्या पुढे गेलात की दंडासारखा लक्झरी टॅक्स. शिवाय एनबीएतले बहुतेक करार हमीचे असतात. खेळाडूचा घोटा दुखावला, वय झालं, फॉर्म गेला, तरी ठरलेले पैसे द्यावेच लागतात.

तिसरा नियम अदलाबदलीचा. मर्यादा ओलांडलेली टीम दुसऱ्याकडून खेळाडू घेते, तेव्हा दोन्हीकडच्या पगारांचा साधारण मेळ बसावा लागतो. त्यामुळे मोठ्या पगाराचा, पण खेळ उतरलेला माणूसही ट्रेडमध्ये वजनमाप म्हणून चालतो. वर गोडी लावायला काही द्यायचं असेल, तर पिक.

आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी खायच्या धान्याची कणगी वेगळी आणि बियाण्याची वेगळी. टंचाईत एक वेळ उपास काढतील, पण बियाण्याला हात लावणार नाहीत. कारण पीक बुडालं तरी बियाणं असलं की पुढच्या मृगाला पुन्हा पेरता येतं. ड्राफ्ट पिक हे टीमचं बियाणं. एवढं लक्षात ठेवलंत की पुढची गोष्ट सोपी आहे.

१९७६ : विजेत्याने राजा विकला

नेट्स मुळात एनबीएतले नव्हेत. अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन नावाची दुसरी लीग होती, तिच्यात ते खेळायचे. १९७४ आणि १९७६ मध्ये त्यांनी तिचं विजेतेपद मिळवलं, ते ज्युलियस अर्व्हिंगच्या जोरावर. याला लोक ‘डॉक्टर जे’ म्हणायचे. हवेत तरंगत बास्केटपर्यंत जाणारा खेळाडू ही कल्पना लोकांच्या मनात ज्यांनी पक्की केली, त्यांत त्याचं नाव अगदी वर.

१९७६ मध्ये ती लीग बंद पडली आणि तिच्यातल्या चार टीम एनबीएत आल्या. प्रत्येकीला प्रवेशासाठी ३२ लाख डॉलर भरायचे होते. नेट्सना त्यावर आणखी ४८ लाख, तेही शेजारच्या न्यूयॉर्क निक्सना, त्यांच्या हद्दीत शिरल्याबद्दल. मालक रॉय बो यांच्याकडे एवढे पैसे नव्हते. त्यातच डॉक्टर जे करार वाढवून मागत होता. शेवटी त्याला ३० लाख डॉलरला फिलाडेल्फियाला विकून टाकलं.

पुढच्या मोसमात नेट्सनी ८२ पैकी २२ सामने जिंकले. फिलाडेल्फिया त्याच वर्षी अंतिम फेरीत गेली आणि १९८३ मध्ये डॉक्टर जेसह विजेती झाली. लीगमध्ये शिरायची फी भरण्यासाठी टीमने स्वतःलाच मोडीत काढलं होतं.

२०१० : घाईचा मालक

मधली वर्षं भरभर सांगते. २००२ आणि २००३ मध्ये जेसन किडच्या जिवावर टीम दोनदा अंतिम फेरीत गेली आणि दोन्हीदा हरली. मग घसरण सुरू झाली. २००९-१० मध्ये तर ८२ पैकी फक्त १२ सामने जिंकले.

त्याच सुमारास रशियन अब्जाधीश मिखाईल प्रोखोरोव्ह यांनी टीम विकत घेतली आणि पाच वर्षांत विजेतेपद आणण्याचा शब्द दिला. ब्रुकलिनमध्ये नवं, चकचकीत स्टेडियम उभं राहत होतं. २०१२ मध्ये तिथे जायचं होतं आणि पलीकडे मॅनहॅटनमध्ये निक्स होतेच. खुर्च्या भरायला मोठी नावं हवी होती, आणि लगेच हवी होती.

आता पुढची पावलं बघा. एकेक सुटं पाहिलं तर कुठलंच वेडेपणाचं वाटणार नाही.

फेब्रुवारी २०११. युटाकडून डेरॉन विल्यम्स आणला. तेव्हा तो लीगमधल्या सर्वोत्तम पॉइंट गार्डमध्ये गणला जायचा. बदल्यात नुकताच तिसऱ्या नंबरावर निवडलेला डेरिक फेव्हर्स, डेव्हिन हॅरिस आणि पहिल्या फेरीचे दोन पिक गेले.

मार्च २०१२. विल्यम्सचा करार संपत आलेला. तो सोडून गेला तर दिलेलं सगळं पाण्यात. त्याला टीम चांगली वाटावी म्हणून पोर्टलंडकडून जेराल्ड वॉलेस आणला आणि पहिल्या फेरीचा पिक दिला. तो पिक सहाव्या नंबरावर आला आणि पोर्टलंडने त्यावर डेमियन लिलार्ड घेतला. पुढे वर्षानुवर्षं तो त्या शहराचा हिरो होता.

जुलै २०१२. अटलांटाकडून जो जॉन्सन आला. त्याच्या करारात अजून चार वर्षं आणि सुमारे ८ कोटी ९० लाख डॉलर बाकी होते. विल्यम्सशी पाच वर्षांचा, सुमारे ९ कोटी ८० लाखांचा नवा करार झाला. वॉलेसला चार वर्षांचे ४ कोटी मिळाले.

प्रत्येक पाऊल आधीच्या पावलाला वाचवण्यासाठी टाकलेलं. फेव्हर्स दिला म्हणून विल्यम्स जाता कामा नये, विल्यम्स राहावा म्हणून वॉलेस आणि जॉन्सन हवेत, आणि वॉलेससाठी पिक दिला म्हणून आता त्यालाही सोडता येत नाही. पडझड अशीच सुरू होते, शहाण्यासुरत्या वाटणाऱ्या निर्णयांनी.

पहिल्या ब्रुकलिन मोसमात ४९ विजय मिळाले. वाईट काय आहे त्यात? पण पहिल्याच फेरीत, डेरिक रोझ नसलेल्या शिकागोकडून, घरच्या कोर्टवर सातवा सामना हरले. मालकाला दिलेली पाच वर्षं सरत आली होती. पगाराची मर्यादा ओलांडलेली, त्यामुळे बाजारातून मोकळा मोठा खेळाडू घेता येत नव्हता. हातात राहिलं होतं काय? वजनमापाला चालतील असे करार, आणि बियाणं.

२०१३ : कणगी उपसली

जून २०१३ मध्ये ड्राफ्टच्या रात्री सौदा ठरला आणि १२ जुलैला पक्का झाला. बॉस्टन सेल्टिक्सकडून केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी आले. २००८ चं विजेतेपद बॉस्टनला मिळवून देणारे पहिले दोघं. पण मोसम सुरू झाला तेव्हा गार्नेट ३७ वर्षांचा होता, पिअर्स आणि टेरी ३६ चे.

बदल्यात वॉलेस, क्रिस हम्फ्रीज आणि आणखी काही खेळाडू गेले. ते होते पगाराचा मेळ बसवायला. खरी किंमत वेगळीच होती. २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक, आणि २०१७ मध्ये पिकची अदलाबदल करण्याचा बॉस्टनला हक्क.

एक वर्ष सोडून एक का? त्यालाही इतिहास आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिक इतके वाटले की लीगला मध्ये पडावं लागलं. तेव्हापासून लागोपाठ दोन वर्षांचे पुढचे पिक देता येत नाहीत. त्या नियमाला स्टेपियनचंच नाव चिकटलं. नेट्सनी तो शब्दशः पाळला आणि २०१७ साठी विक्रीऐवजी अदलाबदल लिहिली. राहिलं २०१५. तो हक्क जो जॉन्सनच्या सौद्यात आधीच अटलांटाला दिला होता. म्हणजे २०१४ ते २०१८ या पाच वर्षांत एकाही वर्षी स्वतःच्या पिकवर नेट्सचा ताबा राहिला नाही.

त्या वर्षी पगार १० कोटी डॉलरच्या वर गेला आणि लक्झरी टॅक्स ९ कोटींहून जास्त बसला. तेव्हाचा तो विक्रम होता.

मिळालं काय? ४४ विजय आणि प्लेऑफची एक फेरी. टोरांटोविरुद्धचा सातवा सामना एका गुणाने जिंकला, शेवटचा फटका पिअर्सने अडवला. पुढच्या फेरीत मायामीने ४-१ ने घरी पाठवलं. आदल्या वर्षी सामन्यामागे १४.८ गुण करणारा गार्नेट ६.५ वर आला. टेरी फेब्रुवारी २०१४ मध्येच गेला, पिअर्स त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनला, गार्नेट फेब्रुवारी २०१५ मध्ये मिनेसोटाला. दोन वर्षांच्या आत तिघंही नाहीत.

बिल

यापुढचा भाग मुलांना नक्की सांगा, कारण यातच खरी मेख आहे.

२०१५-१६ मध्ये नेट्स २१ सामने जिंकले. एवढे हरल्यावर तिसरा पिक आला, आणि तो गेला बॉस्टनला. त्यांनी जेलन ब्राउन घेतला.

२०१६-१७ मध्ये २० विजय, लीगमध्ये सगळ्यात कमी. सोडतीत पहिला नंबर लागला. अदलाबदलीच्या हक्काने तोही बॉस्टनला, जी त्याच वर्षी ५३ सामने जिंकून पूर्व विभागात पहिली होती. त्यांनी तो फिलाडेल्फियाला देऊन तिसरा पिक आणि वर भविष्यातला एक पिक घेतला, आणि तिसऱ्यावर जेसन टेटम निवडला.

२०१८ चा पिक आठवा आला. तो बॉस्टनने आधीच कायरी अर्व्हिंगच्या सौद्यात वापरला होता.

जून २०२४ मध्ये बॉस्टन विजेती झाली. टेटम त्या टीमचा कणा होता आणि अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला जेलन ब्राउन. म्हणजे ब्रुकलिनच्या पराभवांच्या खतावर बॉस्टनचं पीक आलं.

हरणं हा टीमच्या आयुष्याचा भागच आहे. तीस टीम, विजेती एक. पण हरलेलं वर्ष निदान आपलं तरी असावं, त्यातून पुढे काहीतरी उगवावं. नेट्स हरायचे आणि त्याचा फायदा दुसऱ्याला व्हायचा.

आणि हमीचे करार? डेरॉन विल्यम्सचे घोटे दुखत राहिले, खेळ ओसरला. २०१५ मध्ये त्याच्याशी तडजोड करून उरलेली रक्कम पाच वर्षांवर पसरवली, दरवर्षी ५५ लाख डॉलर. तो शेवटचा एनबीए सामना खेळला २०१७ मध्ये, क्लीव्हलँडकडून. नेट्सच्या पगारपत्रकात त्याचं नाव २०२० पर्यंत होतं.

हे सौदे करणारे जनरल मॅनेजर बिली किंग जानेवारी २०१६ मध्ये पदावरून गेले.

सावरणं, आणि पुन्हा तेच

त्यांच्या जागी शॉन मार्क्स आले. कणगी रिकामी, म्हणून त्यांनी दाणा दाणा वेचला. गार्नेटच्या बदल्यात थॅडियस यंग आला होता, त्याला देऊन २०१६ चा विसावा पिक घेतला आणि करिस लव्हर्ट निवडला. २०१७ मध्ये बाविसाव्यावर जॅरेट अॅलन. लेकर्सना टिमोफी मोझगोव्हचा जड करार नकोसा झाला होता. नेट्सनी तो स्वतःच्या अंगावर घेतला आणि त्यासोबत तरुण डी’अँजेलो रसेल मिळवला. दुसऱ्यांनी वगळलेले स्पेन्सर डिनविडी आणि जो हॅरिस इथे घडले. २०१८-१९ मध्ये ४२ विजय आणि प्लेऑफ.

त्या उन्हाळ्यात केव्हिन ड्युरंट आणि कायरी अर्व्हिंग स्वतःहून ब्रुकलिनला आले. हाच तो कायरी, ज्याला मिळवायला बॉस्टनने नेट्सचा पिक खर्च केला होता.

आणि मग? जानेवारी २०२१ मध्ये जेम्स हार्डनसाठी लव्हर्ट गेला, अॅलन गेला, २०२२, २०२४ आणि २०२६ चे पिक गेले, आणि २०२१, २०२३, २०२५, २०२७ च्या अदलाबदलीचे हक्क. पिक आणि हक्क सगळे ह्यूस्टनकडे. तारखा बघा, तीच जुनी नक्षी. तिन्ही तारे एकत्र खेळले ते नियमित मोसमातले फक्त १६ सामने. फेब्रुवारी २०२२ मध्ये हार्डन गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये कायरी आणि ड्युरंट. २०२३-२४ मध्ये नेट्स ३२ सामने जिंकले, आणि त्यांचा पिक तिसरा येऊन ह्यूस्टनला गेला.

या वेळी मात्र एक फरक पडला. जून २०२४ मध्ये मार्क्सनी मिकल ब्रिजेसला निक्सकडे पाठवून पाच पिक घेतले, आणि ड्युरंटच्या सौद्यातून आलेल्या ठेव्यातले काही देऊन ह्यूस्टनकडून २०२५ आणि २०२६ चे स्वतःचे पिक सोडवून आणले. गहाण टाकलेला दागिना सोडवावा तसे. मगच टीम हरायला मोकळी झाली. २०२४-२५ मध्ये फक्त २६ विजय, पण २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीचे पाच पिक हातात, आणि त्यातला आठवा स्वतःचा.

मुलांना काय सांगायचं?

ट्रेडची बातमी आली की मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगा. येणाऱ्याचं वय किती? करार किती वर्षांचा उरलाय? आणि कोणत्या सालचे पिक गेले? दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे सहज जमतं. गणित होतं, इतिहास होतो, आणि जेवणाच्या टेबलावर तुम्हालाही बोलता येतं.

चौथी गोष्ट माणसाची. आयझाया थॉमस बॉस्टनचा जीव की प्राण होता. २०१७ च्या प्लेऑफच्या तोंडावर बहीण गेली, तरी तो खेळला. तिच्या वाढदिवशी त्याने ५३ गुण केले. ऑगस्टमध्ये, नेट्सच्या त्या पिकसोबतच, त्याला क्लीव्हलँडला पाठवून दिलं. म्हणजे जिंकणाऱ्या बाजूलाही कुणाच्या तरी घरात सामान बांधलं जातं, शाळा बदलते. बदलीचं पत्र आल्यावर घरात काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मुलांनाही ते कळू द्या.

आणि एक आपल्यासाठी. परदेशात आपण सगळेच लांबचे करार करतो. घराचा हप्ता, नोकरी, मुलांच्या शाळा, क्लास. करार वाईट नसतात, धाडसही वाईट नसतं. आपण इथे आलो ते धाडसानेच. फक्त एक फसलेलं पाऊल वाचवायला दुसरं आणि दुसऱ्यासाठी तिसरं टाकायला लागलो, की जरा थांबून कणगीत डोकवावं. मुलाचं एखादं वर्ष वाईट गेलं, निवड झाली नाही, मार्क घसरले, तर त्या वर्षातून त्याच्या पदरात काहीतरी पडेल एवढी मोकळीक आपण शिल्लक ठेवली आहे का? की ती आधीच कुठल्या तरी घाईत देऊन बसलोय?

तुमच्या घरी कोणत्या टीमचं राज्य आहे? आणि तिच्या इतिहासातली कोणती सही सगळ्यात महाग पडली? मुलांना विचारा आणि इथे नक्की लिहा. त्यांची उत्तरं आपल्यापेक्षा पक्की असतील.